सासूबाईंना गेलेली रिक्वेस्ट आणि पासबुकातले ८९ रुपये

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आई ६३ वर्षांच्या, शाळेतून निवृत्त, वडील गेल्यापासून गावी एकट्या. दोन वर्षांपूर्वी भाच्याने फोनमध्ये रंगीत गोळ्या जुळवायचा एक गेम घालून दिला. आता त्या तो रोज खेळतात. गेमच्या रिक्वेस्ट, म्हणजे 'मला मदत पाठवा' असे निरोप, फेसबुकवरून आणि व्हॉट्सअॅपवरून साऱ्या गोतावळ्यात जातात, ताईंच्या सासूबाईंनाही. एक रात्री पावणेबाराला गेली. दुसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या आईंना सांगा, आम्हाला झोपू द्या." त्यानंतर ताईंनी आईंचं पासबुक भरून आणलं, तर तीन महिन्यांत ८९, १७९, परत ८९, एकदा ४४९ असे बारीक बारीक मिळून ६,२४० रुपये गेलेले. ताई म्हणाल्या, गेम काढून टाक. आईंनी दोन दिवस फोन उचलला नाही. आणि प्रश्न असा: "कंपन्या हे मुद्दाम करतात का, की माझ्या आईचंच चुकतंय? आणि आता मी काय करू?"

ताई, पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हो, मुद्दाम. मी स्वतः केलंय. पुण्यात बसून गेली चौदा वर्षं मी मोबाइल गेमची 'इकॉनॉमी' जुळवतो. लेव्हल किती अवघड ठेवायची, नाणी किती द्यायची, गेलेला 'जीव' (म्हणजे हरल्यावर पुन्हा खेळायची संधी) किती वेळाने परत यायचा, खरेदीची पाटी नेमकी कधी डोळ्यासमोर आणायची, हे सगळं त्यात येतं. आईंच्या हातातला गेम आमचा नसावा, पण त्यातली प्रत्येक पाटी मी लांबूनही ओळखेन.

'आता काय करू'चं उत्तर मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. ते शेवटाकडे देतो, कारण आधीचं कळल्याशिवाय केलं तर उलटं होण्याची शक्यता जास्त.

तुम्ही तीन तक्रारी केल्यात: रिक्वेस्ट जातात, पैसे जातात, आणि गेम काढायला आई तयार नाहीत. माझ्या लेखी ही एकच तक्रार आहे. ही पद्धत ज्या गेमने घरोघरी नेली त्याच्यावरून सांगतो. कँडी क्रश सागा एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकवर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फोनवर. जीव पाच. एक गेला की अर्ध्या तासाने परत मिळणार. पाचही गेले तर सगळे भरायला अडीच तास. तेव्हा काही लेव्हल ओलांडल्या की पुढचा टप्पा कुलूपबंद असे. तो उघडायचा तर तीन मित्रांकडून तिकीट मागा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर दिवसाला एक अशी जादा कोडी सोडवत तीन दिवस काढा.

ही तीन दारं लक्षात ठेवा. माणसं, पैसा, वेळ. फुकट गेम फुकट नसतो हे सगळेच म्हणतात, पण तो नेमका कशात फेडायचा असतो ते यात दिसतं. या तीन नाण्यांपैकी कुठलंही चालतं. आता आईंचा हिशोब मांडू. सुरुवातीला त्या माणसांत फेडत होत्या. जीव संपला की रिक्वेस्ट, कुणीतरी पाठवायचं, खेळ पुढे. हळूहळू भाचा कंटाळला. शेजारणीने गेम सोडला. जावेने बहुधा काही न बोलता ब्लॉक केलं. माणसं आटली. मग ८९ रुपये आले. हा माझा अंदाज आहे, पण तारखा लावून बघा. पैसे जायला लागले ते लोकांनी जीव पाठवणं थांबवल्यानंतर, असं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

म्हणूनच उलटं होईल असं म्हटलं. तुम्ही नुसत्या रिक्वेस्ट बंद केल्यात तर पैसे जास्त जातील. नुसते पैसे बंद केलेत तर रिक्वेस्ट वाढतील, आणि सासूबाईंना रात्री पावणेबाराच्या जोडीला पहाटे पाचलाही येतील. एक नळ दाबला की दुसऱ्यातून पाणी. आणि दोन्ही बंद केलेत तर उरतो वेळ. आईंकडे तो भरपूर आहे, पण अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत, घड्याळाकडे बघत काढलेला वेळ माणसाला चिडचिडं करतो.

आता कंपनीला तुमच्या सासूबाईंशी काय देणंघेणं, हा प्रश्न उरतो. नवा खेळाडू आणायला जाहिरात करावी लागते आणि प्रत्येक डाउनलोडमागे पैसे मोजावे लागतात. तीच जाहिरात आईंच्या नावाने, आईंच्या फोटोसकट, थेट ओळखीच्या माणसाच्या फोनवर गेली तर खर्च शून्य. वर विश्वास आयता. फेसबुकने २००७ मध्ये बाहेरच्या कंपन्यांना आपल्यावर अॅप चालवू दिली आणि ही खाण उघडली. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीचा फार्मव्हिल आला. २०१० च्या सुरुवातीला तो महिन्याला आठ कोटींच्या वर लोक खेळत होते. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार. वेळेत तोडली नाही तर सुकून जायची. शेत वाढवायचं तर 'शेजारी' हवेत, म्हणजे मित्रांना ओढून आणा. तेव्हा अमेरिकेतल्या भावाची हरवलेली गाय आपल्या फेसबुकच्या भिंतीवर (वॉलवर) यायची, ते आठवत असेल. लोक इतके वैतागले की फेसबुकनेच २०१० मध्ये गेमवाल्यांच्या नोटिफिकेशनवर आणि भिंतीवरच्या पोस्टवर बंधनं आणली. पण रिक्वेस्टची वाट उघडीच राहिली. ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत आले, तेव्हा आधी मागवलेल्या प्रश्नांत वरचढ मतं पडली ती 'कँडी क्रशची आमंत्रणं कशी थांबवायची' या प्रश्नाला. त्यांनाही हसू आलं होतं. ज्यांनी गेम कधी खेळलाच नाही त्यांनाही आमंत्रण पाठवता येईल अशी जुनी सोय शिल्लक आहे, ती दुरुस्त करायला सांगितलंय, असं उत्तर त्यांनी दिलं. सांगायचा मुद्दा, तुमच्या सासूबाईंचा वैताग आयआयटीच्या पोरांइतकाच जुना आहे.

माझं पाप सांगतो, म्हणजे 'मुद्दाम'चा अर्थ कळेल. २०१३ ची गोष्ट. आमच्याकडे शेतीचाच एक गेम चालू होता, आता तो बंद आहे. खत संपलं की मित्रांची यादी उघडायची, प्रत्येक नावापुढे चौकोन. पहिल्या आवृत्तीत सगळे चौकोन रिकामे होते. खेळाडूने दोनतीन नावं निवडायची आणि पाठवायचं. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही सगळ्या चौकोनांत आधीच खूण करून ठेवली. नको असलेली नावं काढायची ती खेळाडूने, एकेक करून. खाली अंगठा पोचतो तिथे मोठं हिरवं 'पाठवा'. बाहेर पडायची फुली वरच्या कोपऱ्यात, करड्या रंगाची, आणि ती दीड सेकंद उशिरा उमटायची. दीड सेकंदात अंगठा हिरव्यावर जाऊन आलेला असतो.

ते तपासताना मी माझंच खरं खातं वापरलं. हिरवं बटण दाबलं, आणि 'मला खत हवंय' हे एकशे चाळीस लोकांना गेलं. त्यात माझे हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. काळजीने विचारत होते, "शेती करायला लागलास का रे? कुठलं खत पाहिजे, युरिया की सुफला?" ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. आणि पुढच्या सोमवारी तीच आवृत्ती सगळ्यांना दिली, कारण आकडे चांगले होते. मुख्याध्यापकांना फोन करावासा वाटला हीच त्या पाटीची कमाई होती, हे तेव्हा मला दिसलं नाही. तुमच्या आईंनी पावणेबाराला सासूबाईंना निवडून रिक्वेस्ट पाठवली असं समजू नका. त्यांनी बहुधा हिरवं बटण दाबलं. सासूबाईंचं नाव यादीत होतं, एवढंच.

थोडं विषयांतर. आमच्या एका गेमचं मराठी भाषांतर करून आलं, त्यात इंग्रजी वाक्याचं शब्दशः 'वहिनींना जीव द्या' असं झालं होतं. बटणावर तर नुसतंच 'जीव द्या'. ते वाचून टीममधली एक मुलगी खुर्चीतून उठलीच. शेवटी 'लाइफ पाठवा' केलं. सासूबाईंच्या फोनवर काय मजकूर उमटला ते एकदा बघून घ्या. राग वेळेइतकाच शब्दांचाही असू शकतो.

आता पैशाकडे येतो, कारण तिथे कारागिरी जास्त आहे. आई एका लेव्हलवर आहेत असं धरू. पंचवीस चाली. चोविसाव्या चालीला दोन गोळ्या उरल्यात, पंचविसाव्याला एक. चाली संपल्या. आता पडदा काय करतो? 'हरलात' म्हणत नाही. मागे गेमचा पट तसाच दिसत राहतो, ती एक उरलेली गोळी हलकेच थरथरते, आणि पुढे येतं: पाच चाली जास्त घ्या, इतकी सोन्याची नाणी. बाजूला उलटी मोजणी. नकार दिलात तर काय काय जाणार त्याचं चित्र: जिंकत आणलेली मालिका, पेटारा, तुटलेलं हृदय. एवढ्या जवळ येऊन सोडायचं कुणाच्या जिवावर येत नाही? संक्रांतीला पतंग काटता काटता मांजा संपला तर आपणही धावत कोपऱ्यावर जातोच.

त्यातही किंमत रुपयांत नसते. ती नाण्यांत असते. मधे हे एक चलन घातलं की ८९ रुपये आणि पाच चाली यांचा संबंध मनातल्या मनात तुटतो. नाण्यांची पिशवी अशी बांधलेली असते की हवं ते घेऊन थोडी उरतात, पण पुढच्या वेळेला पुरत नाहीत. उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा पिशवी. हॉटेलात भाजी संपते तेव्हा अर्धी पोळी राहते, पोळी मागवली की भाजी संपते, तसं. आणि पहिली खरेदी मुद्दाम स्वस्त ठेवलेली असते. एकदा माणसाने पैसे टाकले की तो 'पैसे टाकणारा' होतो, आमच्या यादीतही आणि स्वतःच्या मनातही. पहिल्या ८९ रुपयांना हात थरथरतो, दहाव्याला पिन बोटांना पाठ असतो.

हे असं का, तर फुकट गेमांत बहुतेक लोक कधीच एक रुपयाही देत नाहीत. सारा डोलारा थोड्या देणाऱ्यांवर उभा असतो. त्यातल्या मोठ्या देणाऱ्यांना आमच्या धंद्यात 'व्हेल', म्हणजे देवमासा, म्हणतात. शब्द ऐकूनच कळतं, नजर कसली आहे. ६,२४० म्हणजे आई व्हेल नाहीत. पण गेमने त्यांना ओळखलेलं आहे, आणि त्यांच्या पडद्यावर येणाऱ्या 'खास फक्त आज' वाल्या पाट्या शेजारणीच्या पडद्यावर कदाचित येतही नसतील.

लेव्हल मुद्दाम हरवतात का, असं लोक हमखास विचारतात. माझ्या कामात तरी एकेका माणसासाठी गोळ्या फिरवल्या नव्हत्या. लागतही नाही. शंभर लोक एखादी लेव्हल सरासरी किती प्रयत्नांत पार करतात ते आम्हाला दिसतं. दहा सोप्या लेव्हलनंतर एक कठीण, मग पुन्हा मोकळीक, असा चढउतार बांधायचा. कठीण लेव्हल म्हणजे टोलनाका. एवढं पुरतं.

मग शिकलेल्या, पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या बाईंना हे कळत नाही का? कळतं, ताई. कळून उपयोग होत नाही. याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही: इयन बोगोस्ट हे तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात असलेले प्राध्यापक या असल्या गेमांवर चिडलेले होते. त्यांनी २०१० च्या जुलैत टिंगल म्हणून 'काऊ क्लिकर' नावाचा गेम फेसबुकवर टाकला. एक गाय. दर सहा तासांनी तिच्यावर एकदा क्लिक करायचं. बस. मित्रांच्या गायी आपल्या कुरणात आणता येत, आणि सहा तास थांबायचं नसेल तर पैसे देऊन वाट टाळता येई. उघड थट्टा होती. तरीही हजारो लोक खरोखर खेळायला लागले, कित्येक जण ही थट्टा आहे हे माहीत असून. शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये बोगोस्ट यांनी सगळ्या गायी गायब केल्या. तर काही लोक जिथे गाय उभी असायची त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले.

मला यात लोकांचा मूर्खपणा दिसत नाही. ठरल्या वेळी काहीतरी आपली वाट बघतंय, हे माणसाला बरं वाटतं. शाळेची घंटा आयुष्यभर ऐकलेल्या आणि आता एकट्या राहणाऱ्या बाईंना तर नक्कीच. म्हणून गेम काढा म्हटल्यावर फोन बंद झाला.

इथवरचं एका दमात: रिक्वेस्ट आणि पैसे ही एकाच देण्याची दोन नाणी आहेत, दोन्ही मागणारी पाटी विचार करून बांधलेली आहे, आणि आईंचा दोष असलाच तर अंगठ्याचा आहे.

आता काय करायचं. इथे परिस्थिती आडवी येते. महिन्याला दोन हजार हे जास्त की कमी, ते मी ठरवू शकत नाही. चांगली पेन्शन असेल, औषधपाणी नीट चालू असेल आणि त्यांना मजा येत असेल, तर मुलीने हिशोब मागू नये असं माझं मत आहे. कुणी भिशीत घालतं, कुणी दर महिन्याला साडी घेतं. मी एकच परीक्षा घेतो: पासबुक न दाखवता त्यांना विचारा, तीन महिन्यांत अंदाजे किती गेले असतील? पाच-सहा हजार म्हणाल्या तर त्यांना माहीत आहे, आणि तो त्यांचा निर्णय आहे. 'असतील पाचसातशे' म्हणाल्या तर गेमने त्यांना फसवलंय आणि तुम्ही मदत करायला हवी. आणि त्या आकडा लपवायला लागल्या, दर महिन्याला तो वाढतोय, कुणाकडून उसने घेतलेत असं निघालं, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि चांगल्या समुपदेशकाकडे जा. तिथे फोनच्या सेटिंगने भागत नाही.

मधल्या शक्यतेसाठी सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्या भेटीत फोन हातात घेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा आणि 'मला शिकव' म्हणा. एक तास खेळा. तुम्हाला टोलनाका स्वतः लागू द्या. 'एक गोळी राहिली गं' हे तुमच्या तोंडून आलं की पुढचं बोलणं सोपं जातं. तेव्हाच त्यांना थरथरणारी गोळी आणि उशिरा उमटणारी फुली दाखवा. शिक्षिका आहेत, युक्ती पकडायला त्यांना आवडेल.

मग माणसांचं नाणं भरा. घरात, शेजारी, त्यांच्या जुन्या सहकारी शिक्षिकांमध्ये हाच गेम खेळणारे चारपाच जण नक्की निघतील. त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप करा. मागणारे राजी, देणारेही राजी. आजकालच्या बऱ्याच गोळ्यावाल्या गेमांत 'टीम' असते. टून ब्लास्ट, रॉयल मॅच यांत तर जीव टीममध्येच मागतात, नातेवाइकांकडे जायची गरजच नाही. आईंना एखाद्या बऱ्यापैकी जागत्या टीममध्ये घाला. आमच्या धंद्याने हा शहाणपणा उपकार म्हणून केला नाही, फेसबुकची वाट अरुंद झाली म्हणून केला, पण तुमच्या कामाचा आहे. आमंत्रण मुळात वाईट नसतं. लॉकडाउनमध्ये नवी मुंबईतल्या कंपनीचा ल्युडो किंग घरोघरी खेळला गेला, त्यात आपण आपल्या हाताने रूमचा कोड पाठवायचो आणि समोरचा वाट बघत असायचा. तिथे कुणाच्या सासूबाई चिडल्याचं ऐकलं नाही.

ही सोय झाली की रिक्वेस्टचा नळ बंद करा. एक सावधगिरी: रागाच्या भरात गेममधून फेसबुक तोडू नका. कित्येकदा सगळी प्रगती त्या खात्याला बांधलेली असते. तोडलं आणि गेम पहिल्या लेव्हलवर आला तर आई दोन दिवस नाही, दोन महिने बोलणार नाहीत. आधी गेमच्या सेटिंगमध्ये ईमेलवर किंवा गुगलच्या खात्यावर प्रगती जपली जाते का ते बघा, दुसऱ्या फोनवर उघडून खात्री करा, मग तोडा. सासूबाईंच्या फोनवर काम सोपं आहे. फेसबुकच्या सेटिंगमध्ये ब्लॉकिंगच्या पानावर अॅप ब्लॉक करायची आणि एखाद्या व्यक्तीकडून येणारी अॅपची आमंत्रणं थांबवायची वेगळी सोय असते. तिथे आईंचं नाव घालायचं. मैत्री तुटत नाही, फक्त गेमची आमंत्रणं येणं थांबतं. घाईत लोक माणसालाच ब्लॉक करतात आणि मग दिवाळीच्या शुभेच्छाही पोचत नाहीत.

शेवटी पैसा. आई यूपीआयचा पिन टाकून पैसे देतात असं दिसतंय. माझी पद्धत अशी: प्ले स्टोअरमधून कार्ड आणि यूपीआय काढून टाकायचं आणि दर महिन्याला ठरलेल्या रकमेचा गुगल प्ले रिचार्ज कोड भरायचा. तीनशे, पाचशे, आई म्हणतील तेवढा. रक्कम त्यांनी ठरवायची. संपला की संपला, जसा पूर्वी एसटीडीचा मीटर बघत फोन करायचो. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट लावायची सोय आहे, पण ती फक्त सांगते, अडवत नाही. तिच्यावर विसंबू नका. 'प्रत्येक खरेदीला खातरजमा' हे सेटिंग चालू ठेवा. कधीकाळी आयफोनवर एकदा पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं तो पुन्हा विचारत नसे, आणि तेवढ्यात पोरं वाटेल ती खरेदी करून बसायची. त्यावरून जानेवारी २०१४ मध्ये अॅपलने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करायचं कबूल केलं. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची (दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची) यादीही उघडून बघा. महिन्याचा पास कधी चालू झाला हे खेळणाऱ्याला आठवतही नसतं. गेलेल्या पैशांचं म्हणाल तर ४८ तासांच्या आतल्या खरेदीचा परतावा प्ले स्टोअरकडे मागता येतो. त्यापुढचं गेमवाल्यांना लिहून बघायचं. आईंनी स्वतः पिन टाकलेला असताना फार आशा ठेवू नका.

नोटिफिकेशन रात्री नऊनंतर बंद. 'तुमचे जीव भरले' ही पाटी माणसाला झोपेतून उठवायलाच लिहिलेली असते.

सरकारकडे तक्रार करता येते का, असंही कुणीतरी विचारेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ग्राहकाला चकवून हवं ते करवून घेणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार दिलेत. खोटी घाई लावणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, एकसारखं टुमणं लावणं, हे तिन्ही त्यात आहेत. आमच्या त्या दीड सेकंद उशिराच्या फुलीचीही आज त्यात कुठेतरी सोय लागेल. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पडद्याचे फोटो काढून तक्रार जरूर करा, पण आईंचा प्रश्न त्याने या महिन्यात सुटेल असं समजू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यातली बंदी मात्र इथे लागू नाही. ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. इथे आई फक्त हरतात, त्यामुळे गेम कायदेशीर!

सासूबाईंचं एक राहिलं. त्यांच्या फोनवर ब्लॉक करायला बसलात की हळूच बघून घ्या, तोच गेम त्यांच्याकडेही आहे का. रात्री पावणेबाराला आमंत्रण आल्याचं लगेच कळलं, म्हणजे त्याही जाग्याच होत्या. तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः चारशेव्या लेव्हलवर असतात, हा माझा जुना अनुभव आहे. तसं निघालं तर ब्लॉक करू नका. दोघींना एका टीममध्ये घाला.

गेमचं नाव आणि आईंचा फोन कुठला ते इथे लिहा, म्हणजे कुठलं बटण कुठे आहे ते नेमकं सांगतो. आणि आई कितव्या लेव्हलवर आहेत तेही विचारून ठेवा. फेसबुक तोडण्याआधी तो आकडा कागदावर लिहून ठेवलेला बरा.